सीमेपलीकडले दातांचे गाव

अमेरिकेतील अ‍ॅरिझोना राज्याच्या नैऋत्य कोपऱ्यात यूमा नावाचे शहर आहे. तेथून मोटारीने पश्चिमेकडे निघावे, कोलोरॅडो नदी ओलांडून कॅलिफोर्निया राज्यात शिरावे आणि थोड्या अंतरावर महामार्ग सोडून दक्षिणेचा फाटा धरावा. पंधरा-वीस मिनिटांत रस्ता एका विस्तीर्ण वाहनतळापाशी येऊन पोहोचतो. जानेवारीतील एखाद्या सकाळी आपण तेथे उभे राहिलात, तर एक विलक्षण दृश्य आपल्याला दिसेल. मोटारींतून उतरणारी बहुतेक माणसे सत्तरीच्या आसपासची असतात. कोणाच्या हाती काठी, कोणी वॉकर धरून सावकाश पावले टाकणारे, कोणी व्हीलचेअरमध्ये बसलेले. एखाद्याचा तळहात गालावर दाबून धरलेला. आणि सारे एकाच दिशेने, उंच कुंपणातील एका फिरत्या लोखंडी दाराकडे चाललेले. त्या दारापलीकडे मेक्सिको देश सुरू होतो.

ही मंडळी दंतवैद्याकडे चाललेली असतात. कुंपणापलीकडच्या गावाचे नाव लोस अल्गोदोनेस. बाहा कॅलिफोर्निया राज्यातील, पाच-सहा हजार वस्तीचे हे गाव मेक्सिकोतील सर्वांत उत्तरेकडचे गाव होय. कागदोपत्री त्याचे नाव विसेन्ते गेर्रेरो असे आहे. मेक्सिकोत गुलामगिरी रद्द करणाऱ्या राष्ट्राध्यक्षाचे हे नाव; पण लोकांच्या तोंडी जुनेच नाव राहिले. स्पॅनिश भाषेत 'अल्गोदोन' म्हणजे कापूस, आणि भोवतीच्या खोऱ्यात विसाव्या शतकात कापसाचे मोठे पीक निघत असे. आज मात्र या गावाची ओळख निराळी आहे. अर्ध्या तासात पायी पालथ्या घालता येतील अशा मोजक्या गल्ल्यांत येथे तीनशेहून अधिक दंतवैद्य काम करतात, असे सांगितले जाते. म्हणून अमेरिकेतील वृद्ध मंडळी त्याला 'मोलर सिटी', अर्थात दाढांचे नगर, या नावाने ओळखतात.

आम्ही तेथे का गेलो, ते आधी सांगावयास हवे.

मागच्या हिवाळ्यात मी आणि माझी पत्नी फिनिक्स येथे मुलीकडे राहावयास गेलो होतो. पहिल्या आठवड्यातच माझ्या ध्यानात आले, की ही पोळी आमटीत भिजवून खाऊ लागली आहे. भाजीतले शेंगदाणे ती ताटाच्या कडेला सारी आणि घास नेहमी उजव्या बाजूनेच चावी. विचारले तर म्हणाली, "वयोमानानं आवड बदलते." पण घरून हौसेने नेलेला चिवड्याचा डबा जेव्हा तिने उघडलाच नाही, तेव्हा मला शंका आली. एका रात्री स्वयंपाकघरात दिवा दिसला म्हणून गेलो, तर ती डाव्या दाढेत लवंग दाबून अंधाऱ्या खिडकीकडे पाहत बसली होती. दाढ महिनाभरापासून ठणकत होती. "जावईबापूंना कशाला खर्चात घालायचं? घरी गेल्यावर बघू," हे तिचे उत्तर. घरी परतण्यास अजून साडेतीन महिने होते.

वाचकहो, हा प्रसंग मी मुद्दाम सविस्तर सांगितला. आपल्या घरातील ज्येष्ठ व्यक्तीच्या खाण्याच्या सवयी एकाएकी पालटल्या, तर 'आता भूकच कमी झाली' असे म्हणून सोडून देऊ नये. आधी तोंडात पाहावे. वृद्ध माणसे गुडघ्याच्या दुखण्याबद्दल तासभर बोलतील. दातांच्या दुखण्याबद्दल मात्र ती गप्प राहतात. दात ही जणू चैनीची बाब आहे, अशी त्यांची समजूत असते. प्रत्यक्षात न चावता गिळलेले अन्न, हळूहळू ताटातून नाहीशी होणारी कोशिंबीर, उसळ आणि फळे, त्यामुळे येणारा अशक्तपणा आणि चारचौघांत तोंड उघडण्याचा संकोच, ही साखळी दाढेपासूनच सुरू होते.

फिनिक्समधील एका दंतचिकित्सालयाने उपचारांची जी रक्कम सांगितली, ती ऐकून ही आणखीच गप्प झाली. परदेशी जाताना आपण जो प्रवासविमा घेतो, त्यात दातांचे नित्याचे उपचार सहसा येत नाहीत. गंमत अशी, की खुद्द अमेरिकेतील वृद्धांचीही अवस्था फारशी वेगळी नाही. पासष्ट वर्षांवरील नागरिकांसाठी तेथे १९६५ साली 'मेडिकेअर' या सरकारी आरोग्यविमा योजनेचा कायदा झाला. हृदयाची शस्त्रक्रिया तिच्यात बसते. पण मूळ योजनेतून दातांचे नेहमीचे उपचार, कवळी, चष्मा आणि श्रवणयंत्र या गोष्टी वगळल्या गेल्या. उतारवयात ज्यांची गरज सर्वांत अधिक, नेमक्या त्याच गोष्टी बाहेर राहिल्या. आता लोस अल्गोदोनेसच्या पाट्या वाचा. दंतवैद्य, चष्मेवाले, श्रवणयंत्रांची दुकाने आणि औषधांची दुकाने! एका बलाढ्य देशाच्या कायद्यात जी फट राहिली, तिच्या नेमक्या मापाचे एक गाव शेजारच्या देशात उभे राहिले आहे.

ते एका दिवसात उभे राहिले नाही. १९६०च्या दशकापर्यंत हे गाव इतर अनेक सीमावर्ती गावांसारखेच होते. पलीकडून येणारे लोक येथे येत ते मद्यालयांसाठी. त्या दशकाच्या अखेरीस येथे दंतवैद्यकाचा व्यवसाय रुजू लागला. यूमाच्या भोवती हिवाळा काढण्यासाठी उत्तर अमेरिकेतून आणि कॅनडातून हजारो निवृत्त माणसे येतात. बर्फ टाळून उन्हाच्या प्रदेशात येणाऱ्या या मंडळींना तेथे 'स्नोबर्ड', म्हणजे हिमपक्षी, म्हणतात. त्यांनी एकमेकांना सांगितले आणि दवाखान्यांमागून दवाखाने उघडत गेले. तेच उपचार अमेरिकेच्या मानाने येथे अनेकदा निम्म्याहून कमी खर्चात होतात. भाडे, पगार आणि विम्याचा बोजा कमी, हे त्याचे मुख्य कारण.

आपली मुले अमेरिकेच्या त्या भागात असतील आणि आपल्यालाही तेथे जाण्याचा योग आला, तर प्रथम कागदपत्रांचा विचार करावा. अमेरिकेचा वैध व्हिसा असलेल्या भारतीय नागरिकांना मेक्सिकोत पर्यटक म्हणून जाण्यासाठी वेगळा व्हिसा लागत नाही. मात्र खरा प्रश्न जाण्याचा नसतो, परतण्याचा असतो. अमेरिकेचा व्हिसा अनेकवार प्रवेशाचा आहे ना, त्याची मुदत शिल्लक आहे ना, हे निघण्यापूर्वी मुलांकडून नीट तपासून घ्यावे. नियम बदलतात, म्हणून त्या आठवड्यातील अधिकृत माहिती पाहावी. मुक्कामाची मुदतवाढ मागितलेली असेल किंवा व्हिसा संपलेला असेल, तर दाढ कितीही दुखो, कुंपण ओलांडू नये. पारपत्र छायाप्रतीच्या रूपात चालत नाही. मूळ प्रतच जवळ हवी.

ऋतूचाही विचार करावा. नोव्हेंबर ते मार्च हा काळ उत्तम. उन्हाळ्यात येथील पारा चाळीस अंशांच्या बराच वर जातो, आणि तसल्या उन्हात रांगेत उभे राहणे आपल्या वयाच्या माणसाने टाळलेलेच बरे. फिनिक्सहून यूमा तीन तासांच्या अंतरावर आहे. आम्ही आदल्या संध्याकाळी यूमात मुक्काम केला. मुलीला हा खर्च अनावश्यक वाटत होता; पण सहा तासांचा प्रवास, दाढेवरील उपचार आणि सीमेवरील रांग हे सारे सत्तरीच्या शरीरावर एकाच दिवशी लादणे योग्य नव्हे, या मतावर मी ठाम राहिलो. आजही मला तो मुक्काम सत्कारणी लागला असेच वाटते.

आणखी एक बारीकशी गोष्ट येथे सांगतो, कारण तिने आमची धांदल उडवली. अ‍ॅरिझोना राज्यात वर्षातून दोनदा घड्याळे पुढेमागे करण्याची पद्धत नाही. सीमेपलीकडच्या कॅलिफोर्नियात आणि लोस अल्गोदोनेसमध्ये ती आहे. त्यामुळे हिवाळ्यात यूमात नऊ वाजलेले असताना या गावात आठच वाजलेले असतात. आम्ही वेळेवर पोहोचलो अशा समजुतीने गेलो, तो दवाखान्याचे दार बंद! मधुमेहाच्या गोळ्या आणि जेवणाच्या वेळा सांभाळणाऱ्यांनी हा एक तासाचा फरक आदल्या रात्रीच कागदावर मांडून ठेवावा.

सीमेच्या अमेरिकी बाजूचा वाहनतळ क्वेचान या आदिवासी जमातीच्या मालकीच्या जागेवर आहे. तेथे मोटार ठेवून पायी जाणे सर्वांत सोयीचे, कारण गाव दारापासूनच सुरू होते. फिरते दार ओलांडून आपण आत गेलात, की पहिल्या दहा पावलांतच आवाज कानी येतात. "दात? चष्मा? औषधं?" अशी इंग्रजीतून विचारणा करणारे दवाखान्यांचे दलाल पदपथावर उभे असतात. त्यांच्या बोलण्यात उर्मटपणा नसतो, आर्जव असते. त्यांच्याकडे पाहून मान हलवावी आणि पुढे चालावे. डोक्यावर दातांची चित्रे रंगवलेल्या पाट्या, त्यांच्याखाली विणलेली घोंगडी आणि मातीची रंगीत भांडी मांडलेली दुकाने, मक्याच्या तोर्तिया भाजल्याचा खमंग वास, आणि या साऱ्यांमधून वाट काढणाऱ्या पांढऱ्या केसांच्या जोडप्यांची संथ मिरवणूक. पदपथ काही ठिकाणी उंचसखल आहेत; सोबतच्या माणसाने पुढे न धावता अर्धे पाऊल मागे आणि हाताच्या अंतरावर राहावे.

दलालाच्या शब्दावर दवाखाना निवडू नये, हे वेगळे सांगण्याची गरज नाही. आम्ही मुलीच्या ओळखीतल्या, पूर्वी उपचार घेऊन आलेल्या दोन कुटुंबांना विचारले, आणि दवाखान्याशी आधीच पत्रव्यवहार केला. मेक्सिकोत प्रत्येक दंतवैद्याला शासनाकडून 'सेदुला प्रोफेसिओनाल' नावाचा परवाना क्रमांक मिळतो व तो संकेतस्थळावर पडताळून पाहता येतो. तो विचारण्यात संकोच बाळगू नये. उपकरणे निर्जंतुक कशी करता, हेही विचारावे. चांगला वैद्य या प्रश्नांनी रागावत नाही. उपचारांची योजना आणि खर्च कामाला हात लावण्यापूर्वी लेखी मागावा.

आमची दंतवैद्य चाळिशीतली एक स्त्री होती. तिचे इंग्रजी उत्तम होते, पण दाढेवर हलकेच टोचताना तिच्या तोंडून सवयीने स्पॅनिश शब्द निघाला, "दुएले?" म्हणजे "दुखतंय का?" आणि माझ्या पत्नीने, एकही स्पॅनिश शब्द ठाऊक नसताना, तितक्याच सहजपणे मराठीत उत्तर दिले, "थोडंसं." दोघींनाही एकमेकींचे कळले.

एक्स-रे झाला. दाढ खोलवर किडली होती, मुळाशी पू झाला होता. आम्ही घरून ठरवून आलो होतो, की दाढ काढून टाकायची आणि मोकळे व्हायचे. तसे तिला सांगितलेही. तिने विचारले, "औषधं कोणती चालू आहेत?" पत्नीने रक्तदाबाची गोळी सांगितली, थायरॉइडची सांगितली. "आणखी काही?" "नाही." तेवढ्यात मला आठवण झाली. दर रविवारी सकाळी उपाशीपोटी, मोठा पेलाभर पाण्यासोबत ती एक गोळी घेते आणि नंतर अर्धा तास आडवी होत नाही. सहा वर्षांपासून घेते. ती गोळी तिच्या लेखी औषध नव्हतेच. 'हाडांसाठी असते' एवढेच. मी खिशातली चिठ्ठी काढून वाचली: अ‍ॅलेंड्रोनेट, आठवड्यातून एकदा.

वैद्यबाईंनी हातातले उपकरण खाली ठेवले.

वाचकहो, या लेखातील एकच परिच्छेद आपण लक्षात ठेवणार असाल, तर तो हा असावा. हाडांच्या ठिसूळपणावर दिल्या जाणाऱ्या काही औषधांमुळे, मग ती आठवड्याची गोळी असो, वर्षातून एकदा शिरेतून दिले जाणारे औषध असो, वा सहा महिन्यांनी त्वचेखाली दिले जाणारे इंजेक्शन असो, दात काढल्यानंतर जबड्याचे हाड नीट भरून न येण्याचा धोका असतो. गोळ्यांच्या बाबतीत हा धोका कमी आहे, पण औषध अनेक वर्षे चालू असेल तर तो वाढतो. म्हणून अशा रुग्णाचा दात शक्य असल्यास काढण्याऐवजी रूट कॅनालने वाचवणे श्रेयस्कर मानले जाते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, मधुमेह, हृदयाच्या झडपेची शस्त्रक्रिया, पेसमेकर, औषधांची अ‍ॅलर्जी, यांचीही माहिती दंतवैद्याला भूल देण्यापूर्वी मिळालीच पाहिजे. आणि त्याच दमात हेही सांगतो: दाताच्या उपचारासाठी यांपैकी कोणतीही गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये. रक्त पातळ करणारी गोळी परस्पर बंद केल्याने होणारी हानी दाढेच्या दुखण्याहून कितीतरी मोठी असू शकते. तो निर्णय आपल्या नेहमीच्या डॉक्टरांचा.

त्या सकाळी दाढ काढली गेली नाही. वैद्यबाईंनी ती उघडून पू वाहू दिला, आतील मार्ग स्वच्छ केले, तात्पुरते सिमेंट भरले आणि प्रतिजैविकाची चिठ्ठी लिहून दिली. मेक्सिकोतही २०१० सालापासून प्रतिजैविके चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई आहे. "पंधरा दिवसांनी या," त्या म्हणाल्या, "तोवर तुमच्या भारतातल्या डॉक्टरांचं पत्र मागवा." मुलीचा चेहरा उतरला. पुन्हा सहा तासांचा प्रवास, पुन्हा सुटी, पुन्हा मुक्काम. मलाही क्षणभर वाटले, की दाढ काढून टाका म्हणावे. दाढ जिच्या तोंडात होती ती मात्र शांतपणे म्हणाली, "बाई थांबल्या ते बरं झालं."

भूल उतरेपर्यंत काही खायचे नव्हते. बधिर गाल चावला जाण्याची भीती असते. म्हणून आम्ही एका उपाहारगृहाच्या सावलीतल्या अंगणात बसून राहिलो. शेजारच्या मेजावर कॅनडाहून आलेले एक वृद्ध शेतकरी होते. खालच्या जबड्यात बसवलेले दोन इम्प्लांट त्यांनी आम्हाला कौतुकाने दाखवले. मग म्हणाले, की पहिल्या वर्षी त्यांना एका दवाखान्याने सारे काम चार दिवसांत करून देण्याची तयारी दाखवली होती. ते उठून दुसरीकडे गेले. इम्प्लांटचा स्क्रू हाडात रुजण्यास साधारण तीन ते सहा महिने लागतात. काही रुग्णांत लगेच दात बसवता येतात, पण ते हाडाची स्थिती पाहून ठरते. परतीच्या तिकिटाची तारीख पाहून ठरत नाही. सुट्टीच्या मापात उपचार बसवू पाहणारे रुग्ण आणि तसे बसवून देणारे दवाखाने, दोन्ही या गावात आहेत. आपण कोणत्या दारातून आत शिरतो, यावर पुष्कळ अवलंबून असते.

भूल उतरल्यावर हिने मऊ तोर्तिया आणि शिजवून घोटलेल्या घेवड्याची वाटी घेतली. शाकाहारी वाचकांनी येथे एक चौकशी अवश्य करावी: हा घेवडा पुष्कळदा डुकराच्या चरबीत परततात. 'मान्तेका' आहे का, असे विचारले की ते समजतात आणि तेलातला आणून देतात. पाणी बाटलीबंदच प्यावे.

दुसऱ्या खेपेस आम्ही सोबत पत्र नेले होते. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी रात्री दूरध्वनीवर सारे ऐकून घेऊन ते पाठवले होते. त्या दिवशी काम लवकर आटोपले, म्हणून गावाच्या कडेला असलेले मोरेलोस धरण पाहण्यास गेलो. अमेरिका आणि मेक्सिको यांच्यातील १९४४च्या पाणीकरारानंतर, १९५० साली कोलोरॅडो नदीवर हा बंधारा पूर्ण झाला. करारानुसार दरवर्षी मेक्सिकोला मिळणारे सुमारे १८५ कोटी घनमीटर पाणी मुख्यतः येथून कालव्यांत वळवले जाते आणि त्यावर खोऱ्यातील शेती चालते. बंधाऱ्याच्या खाली मात्र नदीचे पात्र बहुतेक काळ कोरडे असते. वरच्या अंगाला भरलेले पाणी, खालच्या अंगाला वाळू. काठावर उभे असताना मनात आले, की या सीमेवर दोन्ही देश एकमेकांच्या उणिवा भरून काढीत जगत आहेत. तिकडून पाणी येते, तिकडून दुखणी येतात. इकडून भाजीपाला खुडणारे हात पहाटे यूमाच्या शेतांकडे जातात, आणि इकडचे दुसरे हात तिकडच्या वृद्धांचे दात सांभाळतात. उंच कुंपण या देवघेवीला आडवे येते, पण ती थांबवू शकलेले नाही.

परतीची रांग हा या प्रवासातील सर्वांत कठीण भाग होय. हिवाळ्यात दुपारनंतर ती दोन तासांपर्यंतही लांबते. शक्यतो सकाळी लवकर जाऊन दुपारपूर्वी परतावे. घडीचे हलके स्टूल, टोपी, पाण्याची बाटली, दुपारच्या गोळ्या आणि मधुमेही व्यक्तीसाठी दोन बिस्किटे जवळ ठेवावीत. रांगेत उभे राहण्यापूर्वी प्रसाधनगृहास जाऊन यावे. सीमा रात्री दहाला बंद होते; त्या वेळेपर्यंत ताणू नये. औषधांच्या दुकानांतील स्वस्ताईला भुलून गोळ्यांचे डबे भरून घेऊ नयेत. मेक्सिकोतील काही दुकानांत बनावट व घातक गोळ्या विकल्या जात असल्याचा इशारा अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने २०२३ साली दिला होता. वैद्यांनी लिहून दिले तेवढेच, मूळ वेष्टनात, चिठ्ठीसह घ्यावे आणि सीमेवर विचारताच दाखवावे.

पहिल्या खेपेच्या रांगेत आमच्या पुढे एक नव्वदीच्या बाई होत्या. त्यांचा मुलगा, तोही सत्तरीचा, त्यांच्या व्हीलचेअरमागे उभा होता. दर दहा मिनिटांनी तो वाकून त्यांना विचारी, "ठीक आहेस ना?" आणि त्या तोंडातली नवी कवळी दाखवीत हसत. मुलगा पुन्हा सरळ होताना कमरेला हात लावी. त्याला कोणी विचारीत नव्हते. माझ्या पत्नीने आपले स्टूल उचलून त्याच्यापाशी नेऊन ठेवले. तिच्या गालावर अजून सूज होती.

आता दाढेवर कॅप बसली आहे. आम्ही परतून बरेच दिवस झाले. औषधांची यादी माझ्या पाकिटात असते, तिची तिच्या पर्समध्ये, आणि मुलीच्या फोनमध्ये आम्हा दोघांची. रविवारची गोळी आता यादीत पहिल्या क्रमांकावर आहे. आपणही हा अंक खाली ठेवण्यापूर्वी एक कोरा कागद घ्यावा आणि अशी यादी लिहून काढावी. आठवड्याची, महिन्याची, वर्षाची औषधेही विसरू नयेत. लोस अल्गोदोनेसला जाण्याचा योग आपल्याला कदाचित कधीच येणार नाही; पण गल्लीच्या कोपऱ्यावरील दंतवैद्याकडेही ती तितकीच लागते.

परवा संक्रांतीचा हलवा झाला. तिळाची वडी हिने डाव्या बाजूने चावली. मी पाहत होतो, हे तिच्या लक्षात आले, आणि तिने दुसरी वडी उचलली.